टॉवेलचा पीळ बघा, मऊपणा नंतर

आमच्याकडे दोन टॉवेल आहेत ज्यांच्यामुळे हा लेख लिहायची वेळ आली. एक माझ्या आईचा, सोलापूरचा, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेला, किती वर्षं झाली ते आईलाही नक्की आठवत नाही, रंग उडालाय, हाताला खरखरीत लागतो पण अंग असं पुसतो की विचारू नका. आणि दुसरा मी ठाण्यात नवीन घरात राहायला गेल्यावर हौसेने ऑनलाइन मागवलेला, ७०० जीएसएम (कापडाच्या वजनाचं माप, पुढे सांगतो), हॉटेलसारखा, बॉक्समधून काढला तेव्हा मांजरीसारखा मऊ. पहिल्याच जुलैमध्ये त्याला असा वास सुटला की बाथरूमचं दार उघडायची भीती वाटायला लागली, आणि दीड वर्षात कडेची शिवण सुटून दोरे लोंबायला लागले. महाग होता हो! तेव्हापासून टॉवेल हा प्रकार नेमका काय असतो ते शोधत बसलो, आणि लक्षात आलं की दुकानात आपण जे हाताने चाचपून बघतो ना, त्यातलं निम्मं पहिल्या पाच-सहा धुण्यांतच वाहून जातं. टिकाऊपणा वेगळ्याच जागी असतो.

आधी हे समजून घेऊया की टॉवेल विणतात कसा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

साध्या कापडात, म्हणजे आपला पंचा घ्या, उभे धागे असतात आणि आडवे धागे असतात, ताणा आणि बाणा, संपलं. टॉवेलमध्ये उभ्या धाग्यांचे दोन संच असतात आणि ते मागावर दोन वेगवेगळ्या बीमवर, म्हणजे लांब रुळांवर, गुंडाळलेले असतात. एक बीम घट्ट ताणलेला, त्यातून टॉवेलचं मूळ कापड बनतं. दुसरा मुद्दाम सैल सोडलेला, त्यातून ते छोटे छोटे फासे बनतात ज्यांना आपण लूप म्हणतो. आता गंमत बघा. आडवे दोन धागे टाकतात पण ते फणीने पूर्ण ठोकत नाहीत, थोडं अंतर सोडतात. तिसरा धागा टाकला की फणी जोरात येते आणि तिन्ही धागे एकदम पुढे ढकलते. घट्ट ताण्याचे धागे जागेवरच राहतात, कारण ते ताणलेले आहेत, पण सैल धागे आडव्या धाग्यांबरोबर पुढे ढकलले जातात आणि जायला जागा नाही म्हणून वर-खाली फुगतात. झाला लूप. दोन्ही बाजूंना.

म्हणजे लूपला कुठेही गाठ नाही. तो फक्त दाबून धरलेला आहे, आडव्या धाग्यांनी. म्हणून विणकर आडवे धागे किती दाट टाकतो यावर तुमच्या टॉवेलचं आयुष्य ठरतं, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही कारण पॅकेटवर ते लिहिलेलंच नसतं. म्हणूनच एखादा लूप अंगठीत किंवा बांगडीत अडकून लांब बाहेर आला तर तो ओढायचा नाही, ओढलात की रांगेतले शेजारचे लूप सपाट होत जातात. कात्रीने कापून टाका सरळ. बाकीचं उसवत नाही, घाबरू नका.

जुनी माणसं याला टर्किश टॉवेल म्हणतात ते उगाच नाही. १९व्या शतकात हेन्री ख्रिस्टी नावाचा इंग्रज तुर्कस्तानात फिरायला गेला होता, तिथे त्याने हाताने विणलेलं हे फाशांचं कापड बघितलं, आणि त्यांच्या घरच्या कारखान्यातल्या सॅम्युअल होल्टने ते यंत्रावर कसं काढायचं हे शोधलं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हे टॉवेल मांडले होते. पुढे २००६ मध्ये ती ख्रिस्टी कंपनी आपल्या वेलस्पन या भारतीय कापड कंपनीने विकत घेतली, हा भाग मला फार आवडतो.

असो. आता जीएसएम.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, बस एवढंच. ३००-४०० म्हणजे हलका, ४००-६०० मधला, ६०० च्या वर जाड. लोकांना वाटतं जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला, जास्त टिकाऊ. तसं नसतं. जीएसएम फक्त वजन सांगतो, ते वजन कशाचं आहे हे सांगत नाही. स्वस्त जाड सुताचे उंच उंच लूप काढले तरी वजन वाढतं, आणि चांगल्या बारीक सुताचे दाट आखूड लूप काढले तरी वाढतं, पहिला टॉवेल वर्षात चोथा होतो आणि दुसरा कितीतरी वर्षं चालतो. आकडा तोच!

आणि पॅकेटवरचा आकडा खरा आहे का हे घरी तपासता येतं, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. समजा टॉवेल ७५ बाय १५० सेंटीमीटर आहे, म्हणजे पाऊण मीटर गुणिले दीड मीटर, १.१२५ चौरस मीटर. वजन ५०० ग्रॅम भरलं तर ५०० भागिले १.१२५, म्हणजे साधारण ४४४ जीएसएम. काठाचं आणि शिवणीचं वजन त्यात येतं म्हणून दहा-वीसचा फरक सोडून द्या, पण पॅकेटवर ६०० लिहिलंय आणि तुमचं उत्तर ४५० येतंय तर परत पाठवा बिनधास्त. मापही पट्टीने घ्या, बऱ्याचदा तिथेही चार-पाच सेंटीमीटर खाल्लेले असतात, वर सुती टॉवेल पहिल्या काही धुण्यांत थोडा आटतो, म्हणजे उंच माणसाने मोठंच माप घ्यावं.

हॉटेलचा टॉवेल जाड असतो कारण हॉटेलकडे ड्रायर मशीन असतं, गरम हवेत गरगर फिरवून तासाभरात कोरडा. आपल्याकडे असते गॅलरीतली दोरी, आणि जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोवा इथे तीही कामाची नसते, पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर वाळवायचं. ओला टॉवेल जितका वेळ ओला राहतो तितका वेळ त्यात जंतू मजेत वाढतात. त्या कुबट वासावर जपानमध्ये संशोधन झालंय, २०१२ मध्ये काओ या कंपनीच्या लोकांनी दाखवलं की मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा बॅक्टेरिया तो वास तयार करतो, आणि तो कपडा धुऊन वाळवल्यावरही टिकून राहू शकतो. (काओ डिटर्जंट विकते, म्हणजे वासाचा अभ्यास त्यांचा धंदाच आहे.) मग आपण वास जावा म्हणून गरम पाणी, ब्लीच, जास्त पावडर असा मारा करतो आणि त्या माराने टॉवेल झिजतो. माझा ७०० वाला असाच गेला, विणीमुळे कमी आणि माझ्या धुण्यामुळे जास्त. म्हणून किनारपट्टीला माझं मत ४०० ते ४५० च्या आसपास, पुणे-नाशिक-नागपूरकडे कोरडी हवा आहे तिथे ५००-५५० चालेल. त्याच्या वर हौस असेल तरच.

आता येतो खऱ्या मुद्द्याकडे. सूत.

देवासाठी वाती वळल्यात का कधी? नुसता कापूस हातात धरून ओढला की सुटून येतो, काही ताकद नाही. तोच दोन बोटांत पिळला की वात तयार, आता ओढून बघा, सहज तुटत नाही. सगळी कापडाची दुनिया या एका गोष्टीवर उभी आहे. कापसाचे तंतू पिळले की एकमेकांना घट्ट धरतात. पीळ जास्त तर धागा मजबूत पण कडक, पीळ कमी तर धागा मऊ, पाणी पटकन पिणारा, पण नाजूक. दुकानात जो टॉवेल ढगासारखा लागतो तो बहुतेक वेळा कमी पिळाचा असतो. झिरो ट्विस्ट म्हणून जे विकतात ना, त्यात कापसाच्या सुताला आधाराला पाण्यात विरघळणारा धागा लावून विणतात आणि नंतर गरम पाण्यात तो आधार विरघळवून टाकतात, मागे उरतो जवळजवळ पीळ नसलेला कापूस. फार सुंदर लागतो अंगाला. पण लव सोडतो, आणि लव म्हणजे दुसरं काही नाही, तुमचा टॉवेलच थोडा थोडा करून गटारात चाललाय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, टॉवेलमध्ये बरोबर उलटं आहे, पीळ नसला की सुंभ आपोआप जातो.

म्हणून लेबलवर काय शोधायचं तर रिंग स्पन, कोम्ब्ड, आणि टू प्लाय. रिंग स्पन ही सूत कातायची पद्धत, यात पीळ नीट बसतो. दुसरी असते ओपन एंड, ती स्वस्त आणि भराभर, सूत तुलनेने कमजोर. कोम्ब्ड म्हणजे कातायच्या आधी कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकलेत, केस विंचरल्यावर कंगव्यात तुटके केस येतात तसंच. टू प्लाय म्हणजे दोन सुतं एकत्र पिळून एक केलंय. टू प्लायवरून मात्र वाद आहेत, काही जण म्हणतात की एकेरी धाग्याचा लूप पाणी जास्त पितो, आणि ते बरोबरच आहे, पण आपण इथे टिकाऊपणाबद्दल बोलतोय. आईचा टॉवेल खरखरीत का लागतो याचं उत्तर मला इथे मिळालं, त्याच्या सुतात पीळ भरपूर आहे.

कापूस कुठला, यावर लोक फार अडकतात. मूळ कल्पना सोपी आहे, तंतू जितका लांब तितकी सुतात टोकं कमी, टोकं कमी तर लव कमी आणि ताकद जास्त. इजिप्शियन कापूस, पिमा, आपला दक्षिणेतला सुविन (कोईम्बतूरला १९७४ मध्ये तयार झालेलं वाण) हे सगळे जास्त लांब तंतूचे. आपल्या विदर्भातला कापूस मधल्या लांबीचा, साधारण २८ ते ३० मिलिमीटर, आणि त्याचा नीट विंचरून कातलेल्या सुताचा टॉवेल उत्तम टिकतो, उगाच कमीपणा मानायचं कारण नाही. लेबलवरचं 'इजिप्शियन' तर मी बघतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत टार्गेट या दुकानांच्या साखळीने वेलस्पनशी व्यवहार थांबवला, कारण इजिप्शियन कॉटन म्हणून विकलेल्या चादरींमध्ये दुसराच कापूस निघाला. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही जे वेळेवर कळलं नाही ते तुम्हाला-मला दुकानात हात लावून कळणार आहे का?

बांबू टॉवेल म्हणून जे येतात ते बहुतेक बांबूपासून केलेलं व्हिस्कोस असतं, म्हणजे लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेला धागा. मऊ, चमकदार, छान. पण व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास खाली येते, उलट कापूस ओला झाला की आणखी मजबूत होतो. आता ज्या वस्तूचं आयुष्यच ओलं होण्यात, पिळून घेण्यात जाणार तिथे कोण जिंकणार ते तुम्हीच सांगा. मायक्रोफायबर केसांना, प्रवासाला, जिमला ठीक आहे.

वेलवेट किंवा वेलोर फिनिश म्हणजे एका बाजूचे लूप कापून मखमलीसारखं केलेलं. दिसायला राजेशाही, पण लूप कापले की धाग्याची टोकं मोकळी, म्हणजे लव आली, आणि कापलेली बाजू पाणीही कमी पिते. बीचवर अंथरायला घ्या.

दुकानात मी काय करतो सांगतो, बायको लाजते पण करतो. टॉवेल उघडून लाइटसमोर धरतो, मधून उजेड ठिपक्याठिपक्यांनी आला तर ठेवून देतो, सगळीकडून सारखा मंद आला तर ठीक. मग बोटांनी लूप बाजूला सारून आतलं मूळ कापड बघतो, केसांचा भांग पाडतो तसं, तिथे वीण दाट आणि सरळ दिसली पाहिजे. एका कोपऱ्यातला लूप नखाने हलकेच ओढतो, लगेच सरकून आला तर नमस्कार. मग कडा.

कडा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि माझा अनुभव असा की टॉवेल मधून मरतो त्यापेक्षा कडेने जास्त मरतो. जुन्या धोट्याच्या मागावर (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी नळी) तो धागा कडेला वळून परत येतो, म्हणून लांबीच्या बाजूला आपोआप काठ तयार होतो, तो उसवतच नाही. आताच्या मोठ्या हायस्पीड मागांवर धागा वळत नाही, तिथे शेजारी शेजारी टॉवेल विणून मग मधून कापतात आणि कड दुमडून शिवतात. शिवण चांगली असेल तर त्यातही वाईट काही नाही, फक्त बघा की कड दोनदा आत दुमडलीय का, टाके बारीक आणि जवळजवळ आहेत का, कोपऱ्यावर शिवण मागेपुढे करून पक्की केलीय का. लांब लांब ढिले टाके दिसले तर समजा उसवायला फार वेळ लागणार नाही. आणि तो डिझाइनचा सपाट पट्टा असतो ना आडवा, तो कधी कधी धुतल्यावर बाकी टॉवेलपेक्षा जास्त आटतो आणि टॉवेल मध्येच गोळा होतो, कंबर आवळल्यासारखा. म्हणून मी साधा, पट्टा कमीत कमी असलेला घेतो.

पॉलिस्टर मिसळलंय का अशी शंका असेल तर कडेचा एखादा सुटा धागा काढा, घरी बेसिनवर चिमट्यात धरून जाळा, कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. दुकानात करू नका कृपया.

सोलापूरचं काय, असं सगळेच विचारतात. सोलापूरच्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण सोलापूरच्या टेरी टॉवेललाही स्वतंत्र जीआय आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. तिथे १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली जिला आजही जुनी मिल म्हणतात, आणि पद्मशाली समाजातले तेलुगू भाषिक विणकर तिकडे येऊन स्थिरावले, गिरण्या बंद पडल्या पण यंत्रमाग राहिले. चांगला सोलापुरी टॉवेल मध्यम वजनाचा, घट्ट पिळाचा, धोट्याच्या मागावरचा असेल तर पक्क्या काठाचा, म्हणजे मी वर जे जे सांगितलं ते बऱ्यापैकी त्यात आयतं मिळतं. पण 'सोलापुरी' असा बोर्ड लावून काहीही विकतात हेही तितकंच खरं, तेव्हा लाइटसमोर धरायचं ते धरायचंच. आणि सत्काराला टॉवेल-टोपी-नारळ मिळतं त्यातला टॉवेल या हिशेबात धरू नका, तो मान म्हणून घ्यायचा असतो, अंग पुसायला नाही.

घरी आणल्यावर वापरायच्या आधी एक-दोनदा धुवा. नव्या टॉवेलवर कारखान्यात सॉफ्टनर, कधी सिलिकॉनचा हात दिलेला असतो, तो मऊ लागतो पण पाणी ढकलतो, म्हणून नवा टॉवेल अंगावरून पाणी नुसतं फिरवत बसतो. दोन-तीन धुण्यांत जी लव निघते ती नॉर्मल आहे, पाच-सहाव्यालाही तितकीच निघाली तर सूत वाईट. याच कारणाने घरी फॅब्रिक कंडिशनर टॉवेलला अजिबात घालू नका, त्याचा थर तंतूवर बसतो आणि टॉवेल हळूहळू पाणी प्यायचा थांबतो. डिटर्जंट अर्धाच. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसून टॉवेल पत्र्यासारखा होतो, तेव्हा महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात पांढरं व्हिनेगर अर्धी वाटी घाला. ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीच नाही, क्लोरीन वायू निघतो, हे घरात जो कोणी कपडे धुतो त्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आणि धुण्याच्या दगडावर ब्रशने घासणं बंद, आमच्या मावशींना हे पटवायला मला एक वर्ष लागलं, ब्रशच्या केसांनी लूप उपसले जातात. मशीनमध्ये झिप, हुक, वेल्क्रोवाल्या कपड्यांबरोबर टाकू नका, कारण तेच.

वाळत घालायच्या आधी दोन टोकं धरून जोरात झटका, फटाक असा आवाज आला पाहिजे. त्याने दबलेले लूप उभे राहतात. दोरीवर वाळलेला टॉवेल कडक का होतो यावरही २०२० मध्ये होक्काइडो विद्यापीठ आणि परत त्याच काओने काम केलंय, तंतूंना चिकटून राहिलेलं अगदी थोडंसं पाणी डिंकासारखं काम करून तंतू एकमेकांना चिकटवून ठेवतं. म्हणून वाळल्यावर पुन्हा एकदा झटकलं, हाताने चुरगळलं की कडकपणा बराच जातो. मोफत उपाय.

रंगीत टॉवेलवर पांढरे-नारिंगी डाग पडतात आणि आपण डिटर्जंटला शिव्या देतो, ते बऱ्याचदा पिंपल्सच्या क्रीमचं काम असतं, बेंझॉइल पेरॉक्साइड असलेल्या. ते ब्लीचच आहे एक प्रकारचं. घरात कॉलेजची मुलं असतील तर त्यांना पांढरे टॉवेल द्या, भांडणं वाचतील.

माणशी दोन टॉवेल ठेवा, म्हणजे रोज एकच रगडला जात नाही आणि दुसऱ्याला पूर्ण वाळायला वेळ मिळतो. आणि पावसाळ्यासाठी पंचा. खरंच. मी हसायचो बाबांना, पण लूप नसलेलं साधं कापड पंख्याखाली पटकन वाळतं, वास नाही, वजन नाही. आता जून लागला की जाड टॉवेल धुऊन कडक उन्हात वाळवून कपाटात जातात आणि दसऱ्याला बाहेर येतात.

टॉवेल संपला हे कसं ओळखायचं तर परत लाइटसमोर धरायचा. लूपांच्या मधून मूळ कापड जागोजागी उघडं दिसायला लागलं की अंग पुसायचं त्याचं काम झालं. मग फडकी करायची, पण थेट कापू नका, नाहीतर घरभर लव. जिथे कापायचंय तिथे आधी मशीनवर दोन समांतर शिवणी मारा, बोटभर अंतर ठेवून, आणि मधून कात्री चालवा. एका मोठ्या टॉवेलची चार चांगली फडकी होतात. माझ्या ७०० वाल्याची झाली आहेत, लादी एकदम मस्त पुसतात.